नखाएवढा अमरदीप

आळंदच्या बाजारात तुरीच्या अडतींची ओळ संपली की खताच्या दुकानाला चिकटून एक अरुंद गाळा लागतो. त्यावर वर कानडीत आणि खाली मराठीत ‘मल्लेश फोटो स्टुडिओ’ अशी पाटी होती. नाव मल्लेशचं असलं तरी गिऱ्हाइकांना ठाऊक होतं, की मल्लेश फक्त फोटो काढतो. पुढचं सगळं त्याच्या बायकोच्या, जगदेवीच्या हातून होतं.

जगदेवीचं माहेर मंठाळ. तिच्या आज्यापर्यंत घरात मेंढरं होती. बापाच्या वाट्याला ती आलीच नाहीत. तो जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबला. जगदेवी कानडी शाळेत दहावीपर्यंत शिकली, घरात मराठी बोलली आणि लग्न होऊन आली ती थेट स्टुडिओच्या मागच्या खोलीत. तेव्हा मल्लेशकडं रोलचा कॅमेरा होता आणि रोल धुवायला कलबुर्गीला जायचे. मग डिजिटल कॅमेरा आला, त्याच्यामागून कॉम्प्युटर आला. मल्लेशचा हात कॅमेऱ्यावर जितका हलका, तितकाच माउसवर जड. बाण एका जागी धरायचा म्हटलं की त्याला घाम फुटायचा. एक दिवस त्यानं खुर्ची मागं ढकलली आणि म्हणाला, “हे आता तूच बग. माझ्यानं न्हाई व्हायलंय.”

तिनं बघितलं. कलबुर्गीत एकाकडं बसून अल्बम जुळवायला शिकली आणि मग वर्षानुवर्षं तेच केलं. एका लग्नात मल्लेश हजार-दीड हजार फोटो काढून आणायचा. ते सगळे एका बाहेरच्या डिस्कवर जायचे. डबीएवढी काळी डिस्क, वायरीनं कॉम्प्युटरला जोडलेली. जगदेवी फोल्डर उघडायची की पडद्यावर बारक्या चित्रांच्या ओळी भरत यायच्या. एकेक फोटो मोठा करून बघायला गेलं तर हंगाम संपला असता. म्हणून ती त्या बारक्या चित्रांवरूनच निवडायची. तोंडात घास असलेला फोटो बाद. मध्ये कुणाचा हात आलेला बाद. डोळे मिटलेला तर बघताक्षणी बाद. उरलेले मोठे करायचे, रंग उजळायचे आणि पानात बसवायचे.

या कामामुळं तिचं एक विचित्र झालं होतं. लग्नाला ती कधी जायची नाही, पण तालुक्यातले निम्मे लोक तिला तोंडानं ओळखू यायचे. बाजारात एखादी बाई समोरून आली की जगदेवीला आठवायचं, ही वरमाय होती, हिनं हिरवी इरकल नेसली होती. त्या बाईला मात्र जगदेवी कोण ते माहीत नसायचं. जगदेवी बाजूला सरून तिला वाट द्यायची.

पुढं मोबाइल आले. लग्नं आता सगळेच टिपायला लागले. स्टुडिओत येणारे लोक आधार कार्डाला आणि शाळेच्या फॉर्माला लागणाऱ्या फोटोंपुरते उरले. डिस्कवरचे फोटो दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवायची जगदेवीची पूर्वीची शिस्त होती. काम आटलं तशी तीही मोडली. त्यातच मल्लेशला साखर निघाली. उजव्या पायाची बोटं बधिर झाली. पायात काटा मोडला तरी त्याला कळायचं नाही. चप्पल निसटून मागं राहायची आणि तो तसाच पुढं चालत यायचा.

मागच्या उन्हाळ्यात, दुपारच्या जेवणानंतर, तो टेबलामागून बाहेर येत होता. डिस्कची वायर त्याच्या पायात अडकली. त्याला ती कळली नाही. त्यानं पाय उचलला आणि चालू असलेली डिस्क फरशीवर आपटली.

आवाज झाल्यावर त्यानं वळून बघितलं. “काय पडलं गं?”

जगदेवीनं डिस्क उचलून कानाला लावली. आत काहीतरी कर्‌कर्‌ करत होतं. तिनं वायर काढली, पुन्हा लावली. पडद्यावर काहीच आलं नाही.

कलबुर्गीत कॉम्प्युटर दुरुस्त करणारा वीरेश नावाचा माणूस होता. त्यानं ती डिस्क हैदराबादेत एकाकडं पाठवली. परत आली तेव्हा त्यानं फोनवर सांगितलं, “अक्का, आतली चकती ओरबाडून गेल्याय. काहीच निघत न्हाई.” गेल्या कित्येक वर्षांची लग्नं, बारशी, साखरपुडे, जावळं, निवृत्तीचे सत्कार, सगळं त्या चकतीवर होतं. मल्लेशनंही ते ऐकलं. त्या दिवसापासून तो पुढच्या खोलीत बसेनासा झाला. मागं खाटेवर पडून राहायचा, आणि कुणी फोटोला आलं तर जगदेवीच कॅमेरा घ्यायची.

श्रावण संपत आला असताना ज्ञानोबा आणि सुमनबाई आले. उमरग्याच्या रस्त्याला असलेल्या एका खेड्यातले. घरची थोडी जमीन, तूर आणि ज्वारी. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या प्रेरणाचा मंगल परिणय झाला तेव्हा फोटो मल्लेशनंच काढले होते. जगदेवीनं दोघांनाही लगेच ओळखलं आणि सवयीप्रमाणं ओळख दाखवली नाही.

“जयभीम, ताई,” ज्ञानोबा म्हणाले. हातातली पिशवी त्यांनी टेबलावर ठेवली आणि लगेच पुन्हा उचलून घेतली. “एक फोटू पायजे हुता. माझ्या पोराचा.”

पोरगा म्हणजे प्रेरणाचा थोरला भाऊ अमरदीप. पुण्याकडं एका कारखान्यात कामाला होता. सुट्टीवर येताना उमरग्याच्या अलीकडं हायवेवर ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं. त्याचा मोबाइल त्याच्याबरोबरच चाकाखाली गेला. तो जागीच गेला. आता त्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम जवळ आला होता आणि लावायला फोटो नव्हता.

“घरात एकबी न्हाई?” जगदेवीनं विचारलं.

“सगळ्याचे फोटो त्योच काढायचा,” ज्ञानोबा म्हणाले. “त्येचा कोण काढणार? प्रेरणाच्या मोबाइलमधी न्हाई, कारखान्यातल्या सोबत्यांकडं हायत ते हेल्मेटातले. आधार कार्डावरचा हाय. त्यात चोरासारखा दिसतोय. शाळंतला हाय, पण त्यात मिसरूडबी न्हाई.”

“लग्नाच्या अल्बममधी असंल की.”

ज्ञानोबांनी अल्बम आणलाच होता. जगदेवीनं स्वतः जुळवलेली पानं ती उलटत गेली. नवरीचा भाऊ दिवसभर धावपळीत होता. एका पानावर तो पंगतीत वाढताना पाठमोरा, एका पानावर पाहुण्यांच्या घोळक्यात कुणाच्या तरी फेट्याआड अर्धा. बास. सगळे फोटो भरून दिलेला पेनड्राइव्ह जावयाच्या घरी होता, पण त्याच्या धाकट्या भावानं तो पुसून त्यात गाणी भरली होती.

 सुमनबाई म्हणाल्या, “माझ्यासंगट त्येचा एक काढला हुता. स्टेजच्या बाजूला, पडद्यापाशी. तुमच्या मालकानंच काढला. त्यो ह्यात न्हाई.”

जगदेवीच्या डोळ्यांपुढं तो फोटो उभा राहिला. निळ्या कोटातला उंच पोरगा वाकून हसतोय आणि शेजारी पांढऱ्या लुगड्यातली आई. आईचे डोळे मिटलेले. म्हणूनच तो जगदेवीनं बारक्या चित्रातच बाद केला होता. मोठा करून बघितलासुद्धा नव्हता.

“डिस्क मोडली आमची,” ती खाली बघत म्हणाली. “काहीच उरलं न्हाई, मावशी.”

सुमनबाईंनी मान हलवली. जणू हे त्यांना आधीच माहीत होतं. ज्ञानोबा मात्र उठले नाहीत. “एकदा बगा की ताई. कुठंतरी असंल,” असं ते पुन्हापुन्हा म्हणत राहिले. शेवटी सुमनबाईंनीच त्यांच्या दंडाला धरून त्यांना उठवलं.

ते गेल्यावर जगदेवीनं वीरेशला फोन लावला. डिस्क गेली हे तिला ठाऊक होतंच. पण ज्ञानोबांचं “कुठंतरी असंल” तिच्या डोक्यातून जाईना. तिनं त्याला सगळं सांगितलं.

वीरेशनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “अक्का, ते फोल्डर तुमी तुमच्या कॉम्प्युटरवर उघडलं हुतं नव्हं? बारकी चित्रं बगितली हुती?”

“त्याच्यावरच तर निवडायचे मी.”

“मग एखाद्या वेळी असंल. थंबनेल म्हणत्यात त्याला. अंगठ्याचं नख.” आणि त्यानं तिला समजावून सांगितलं. फोल्डर पहिल्यांदा उघडलं की कॉम्प्युटरला प्रत्येक अख्खा फोटो वाचून त्याची बारकी नक्कल करावी लागते. याला वेळ लागतो. दरवेळी तीच मेहनत नको म्हणून तो ती नक्कल आपल्याच आतल्या डिस्कवर, एका लपवलेल्या फायलीत ठेवून देतो. पुढच्या वेळी फोल्डर उघडलं की मूळ फोटोला हात न लावता नक्कल दाखवतो. फोटो बाहेरच्या डिस्कवर होते, ते गेले. पण नकला आतल्या डिस्कवर आहेत. मूळ गेलं म्हणून कॉम्प्युटर त्या आपणहून फेकून देत नाही.

“म्हंजे सगळी लग्नं हायत?” तिचा आवाज चढला. मागच्या खोलीत खाट करकरली.

“तुमी कधी साफसफाई केल्याय काय? कॉम्प्युटर हळू चालायलाय म्हणून?”

केली होती. जागा मोकळी करायची खिडकी उघडली की त्यात ‘थंबनेल्स’ असं लिहिलेल्या चौकोनात आधीच खूण केलेली असायची. ती खाली होकाराचं बटण दाबून द्यायची. दर उन्हाळ्यात करायची. आपण काय पुसतोय हे तिला कधी कळलंच नव्हतं. प्रेरणाच्या लग्नाच्या आदल्या वर्षापासून मात्र तिनं तो नाद सोडला होता, काम कमी झाल्यामुळं गरजच पडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी वीरेशनं दुरूनच तिच्या कॉम्प्युटरवर एक बारका प्रोग्राम घालून दिला. तो ती लपवलेली फाइल उघडायचा. जगदेवीनं बटण दाबलं आणि पडद्यावर ओळी भरायला लागल्या. फोल्डरांची नावं नाहीत, गाव नाही, तारीख नाही. हळद लागलेला नवरदेव, त्याच्या शेजारी कुणाच्या तरी पासपोर्टचा फोटो, मग भाजी मंडईतलं एक उद्घाटन, मग पाळण्यातलं मूल, मग पुन्हा तोच नवरदेव. सगळा तालुका खलबत्त्यात कुटून एकत्र केल्यासारखा. काही जागी नुसता काळा चौकोन.

“हे बगा की,” तिनं मल्लेशला हाक मारली. तो दाराशी आला, भिंतीला टेकून उभा राहिला. बराच वेळ बघितलं. मग “हूं” म्हणून परत खाटेकडं गेला.

ती रोज दुपारी गिऱ्हाईक नसताना शोधत राहिली. मध्येच ओळखीचं तोंड आलं की थांबायची. अडतीवरचे चन्नबसप्पा होते, गेल्या वर्षी गेलेले. नातवाला मांडीवर घेऊन बसलेले. शेजारच्या गल्लीतली मंगल होती, लग्नात, आता माहेरी परत आलेली. नखाएवढ्या चित्रात सगळे ताजेतवाने दिसत होते. तिचे डोळे चुरचुरायला लागले, डोकं ठणकायला लागलं. आणि मग एका दुपारी निळा कोट दिसला.

तोच होता. वाकून हसणारा. वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला, तो एवढ्या बारक्या चित्रातही कळत होता. शेजारी डोळे मिटलेल्या सुमनबाई.

जगदेवीनं तो मोठा करायला घेतला. काडेपेटीएवढा होईपर्यंत ठीक होता. तळहाताएवढा केला तसा कोटाच्या कडा विरघळल्या. आणखी मोठा केला आणि त्याचं तोंड चौकटी-चौकटींचं झालं. त्या चित्रात त्याचा अख्खा चेहरा मिळून ठिपक्यांच्या जेमतेम चाळीस ओळी. एक डोळा म्हणजे पाच-सहा ठिपके. ते कितीही ताणले तरी त्यातून नवीन काही निघणार नव्हतं. ती मागंपुढं करत राहिली. लहान केला की जिवंत माणूस, मोठा केला की नुसता रंगांचा चिखल.

तिनं पुन्हा वीरेशला विचारलं. तो म्हणाला, “मोबाइलवर ॲप हाय. जे न्हाई ते आपलं आपण भरतंय. पाठवा माझ्याकडं.”

चहा होईपर्यंत फोटो परत आला. जगदेवी बघत राहिली. एकदम चकाचक. कोटाचा धागा न्‌ धागा दिसत होता. केस, भुवया, डोळ्यांतली चमक. हसरा, देखणा पोरगा. दात एका ओळीत. आणि शेजारच्या सुमनबाईंचे डोळे उघडे होते. मोठे, काळेभोर, थेट बघणारे.

तिनं मूळ बारकं चित्र पुन्हा उघडून बघितलं. पण कार्यक्रम चार दिवसांवर आला होता. ज्ञानोबा रोज फोन करत होते. तिनं स्वतःशी म्हटलं, दुःखातली माणसं, त्यांना काय दिसणार. भिंतीवर लावायला काहीतरी तर असू दे. आणि डोळे उघडे आहेत हे तर चांगलंच की, आयुष्यभर हेच तर बघत आले मी. तिनं पोराचा चेहरा आणि छाती एवढंच ठेवून एक, आणि आईसकट पूर्ण असा दुसरा, असे दोन मोठे फोटो कलबुर्गीहून छापून आणवले आणि पोराच्या एकट्याच्या फोटोला चौकट बसवली.

दोघं घ्यायला आले. ज्ञानोबांनी चौकट हातात घेतली आणि त्यांच्या तोंडावरचा ताण सैल झाला. “व्हय,” ते म्हणाले. “व्हय, ह्योच. बगितलास का गं, कसा दिसायलाय? सायबासारखा.” ते रडायला लागले. रडता रडता गमच्यानं काच पुसत होते.

सुमनबाईंनी चौकट मांडीवर घेतली. बघितलं. मग मान वर करून जगदेवीला विचारलं, “ह्यो कोण हाय?”

“मावशी, अमरदीप.”

“न्हाई.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “ह्येचे दात बग. माझ्या पोराचा दातावर दात हुता. कामून पुसलास?”

“मी न्हाई पुसला, मावशी. मशीननं केलंय. मूळ फोटू एवढुसाच हुता, म्हणून...”

“आन् ह्यो?” त्यांनी दुसरा फोटो उचलला. “माझे डोळे उघडे हायत ह्यात.”

“मिटलेले हुते. ते आपोआप उघडलेत. चांगलंच दिसायलंय की ते.”

सुमनबाई त्या फोटोकडं बघत म्हणाल्या, “सकाळधरून रडायलते मी त्या दिवशी. पोरगी जाणार म्हणून. त्यो पाठीमागनं आला आन् म्हणला, ‘आई, रडू नगंस, फोटूत लई घाण दिसतीस.’ आन् माझ्या डोळ्यावर फुंकर मारली. लहान असताना मी त्येच्या डोळ्यात कचरा गेला की मारायचे तशी. म्हणून मिटलेते डोळे. म्हणून हसायलाता त्यो.”

 ज्ञानोबा चौकट छातीशी धरून उभे होते.

“सुमे, लोक काय आधार कार्ड बघायला यायलेत काय?” ते अखेर म्हणाले. “फोटू पायजेच की. ह्यो चांगला हाय.”

“तुमी न्या. मी कुठं नगं म्हणायले.” त्या जगदेवीकडं वळल्या. “ते एवढुसं हाय म्हणलीस ते दाव.”

जगदेवीनं पडद्यावर काढून दाखवलं. सुमनबाई खुर्चीवरून पुढं वाकल्या. पदराचं टोक तोंडाशी गेलं. बोट काचेला लावायला पुढं केलं आणि लावलं नाही.

“आहे एवढाच दे मला,” त्या म्हणाल्या.

जगदेवीनं तो आहे एवढाच छापला. पोस्टाच्या तिकिटाएवढा झाला. कापताना एक कड किंचित तिरपी गेली. सुमनबाईंनी तो पदराच्या गाठीत बांधला.

कार्यक्रमाला या, असं ज्ञानोबांनी बजावून सांगितलं होतं. मल्लेशच्या पायाला जखम होती, म्हणून जगदेवी एकटीच एसटीनं गेली. घरापुढं मांडव होता. आत टेबलावर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि त्यांच्या शेजारी खुर्चीवर ती चौकट, पांढऱ्या फुलांचा हार घातलेली. भन्तेजींनी वंदना घेतली. सगळ्यांनी फुलं वाहिली, मेणबत्त्या लावल्या. कारखान्यातले त्याचे दोघं सोबती आले होते. त्यातला एक चौकटीपुढं वाकला, थबकला, दुसऱ्याकडं बघितलं. मग फूल ठेवून मागं सरला.

बायका मात्र आपसात बोलत होत्या. “किती गोड हसायचा.” “अगदी असाच दिसायचा बगा.” एका म्हातारीनं चौकटीवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. ज्ञानोबा प्रत्येकाला सांगत होते, फोटो आळंदच्या स्टुडिओतनं काढून आणलाय म्हणून. आणि जगदेवीकडं बोट दाखवत होते. जन्मात पहिल्यांदा लोक तिच्याकडं वळून बघत होते. तिला कुठं बघावं कळेना. प्रेरणा सासरहून आली होती, भावाच्या चौकटीचा फोटो मोबाइलवर काढून पाहुण्यांना पाठवत होती. सुमनबाई मांडवाच्या खांबाला पाठ लावून, चौकटीकडं पाठ येईल अशा बसल्या होत्या.

जेवण झाल्यावर जगदेवी निघाली. सुमनबाईंना सांगायला गेली तर त्यांनी फक्त “जेवलीस न्हवं?” एवढंच विचारलं.

घरी आल्यावर तिनं मल्लेशला सगळं सांगितलं. डोळे, फुंकर, दात, सगळं. तो छताकडं बघत पडला होता.

“तो फोटू मी चुकून न्हाई काढला,” तो म्हणाला.

“म्हंजे?”

“मी कॅमेऱ्यातनं बगायलतो. पोरानं फुंकर मारली, तिनं डोळे मिटले, तवाच बटन दाबलं. मुद्दाम. अख्ख्या लग्नात तेवढा एक बरा फोटू निघाला हुता.” तो कुशीवर वळला. “अल्बममधी दिसला न्हाई. म्हणलं, तुला आवडला नसंल.”

“कामून सांगितलं न्हाई मला?”

“काय सांगायचं. तू एवढ्या घाईत असायचीस.”

ती त्याच्या पायाची पट्टी सोडायला बसली. किती फोटो असे गेले असतील, हे तिनं विचारलं नाही, आणि त्यानंही सांगितलं नाही.

दिवाळीनंतर मल्लेशच्या पायाची दोन बोटं कलबुर्गीत काढावी लागली. गाळा सोडून द्यावा लागला. तिथं मोबाइलच्या काचा बसवणाऱ्यानं दुकान टाकलं. कॉम्प्युटर जगदेवीनं घरी आणला. तिनं काही लोकांना निरोप धाडले होते, तुमच्या कार्यक्रमाचे बारके फोटो आहेत, पाहिजे तर देते म्हणून. चन्नबसप्पांच्या सुनेनं एवढुसा फोटो बघितला आणि “हे काय करायचं, अक्का?” म्हणून हसली. मंगल दारातूनच म्हणाली, “पुसून टाका ते.” जगदेवीनं तिच्यादेखत पुसले. बाकी कुणी आलं नाही.

ॲपनं केलेला अमरदीपचा फोटोही तिनं आपल्याकडून काढून टाकला. त्यानं काही झालं नाही. तो आता ज्ञानोबांच्या मोबाइलवर होता, प्रेरणाच्या होता, सगळ्या भावकीत होता.

तुरीच्या दिवसांत सुमनबाई आल्या. अडतीवर माल घालून ज्ञानोबा तिथंच थांबले होते. त्या पत्ता विचारत एकट्या घरापर्यंत आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी कागद दाखवला. घामानं रंग उतरला होता. निळ्या कोटाच्या जागी डाग आणि वर दोन फिकट ठिपके.

“दुसरा छापून देते,” जगदेवी म्हणाली.

“छापलेल्याचा रंग जातोय. ह्याच्यात उजेड हाय.” त्यांनी कॉम्प्युटरकडं बोट दाखवलं. मग खुर्चीवर बसल्या. “भिंतीवर त्यो लावलाय. सकाळ उठलं की त्योच समोर. मी बगत न्हाई त्येच्याकडं. पण घरात किती बगायचं न्हाई म्हणलं तरी...” त्या थांबल्या. “आता डोळे मिटले की त्योच यायलाय, जगदेवी. दात सरळ असलेला. माझा न्हाई यायला.”

जगदेवी कॉम्प्युटरपुढं बसली. तिनं प्रोग्राम सुरू केला. ओळी भरत आल्या, तालुकाभरचे नवरदेव, पाळणे, हार. ती खाली सरकत गेली. नेमका कुठं आहे हे तिला आता पाठ होतं. निळा कोट आला तशी ती थांबली आणि खुर्ची बाजूला घेतली.

सुमनबाई पुढं वाकून बघत राहिल्या. मागच्या खोलीतून मल्लेश खोकला. जगदेवी चहा ठेवायला आत गेली.

त्यानंतर बाजाराच्या दिवशी सुमनबाई अधूनमधून येतात. कधी भाजी आणतात, कधी हुरडा. लाइट असली तर पडद्यापुढं बसतात. नसली तर जगदेवी म्हणते, “थांबा थोडं, येईल,” आणि त्या थांबतात. बऱ्याचदा लाइटच्या आधी ज्ञानोबांचा फोन येतो, एसटी लागली म्हणून, आणि त्या उठून जातात.